टाकीचं पाणी सोडण्यापूर्वी

सकाळी टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडला की आधी दाट, मग चहाच्या रंगाचं पातळ पाणी भसाभस बाहेर येतं. त्यात विष्ठा असते, न खाल्लेलं खाद्य असतं, वर थोडा फेस. दोन-तीन मिनिटांत शे-दोनशे लिटर पाणी नालीला लागतं, नालीतून ओढ्याला, आणि पनवेलजवळ विचुंबे-देवदच्या बाजूला असाल तर पुढे गाढी नदीला. मग आपण व्हॉल्व्ह बंद करतो, नवं पाणी चढवतो आणि खाद्याची गोण उघडतो.

त्या गोणीतलं बरंचसं नुकतंच नालीतून वाहून गेलेलं असतं, हे लक्षात आलं की रोजच्या या कामाकडे बघायची नजर बदलते. २०२० साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली. सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान मिळू लागलं, तेव्हापासून घरामागे ताडपत्रीच्या गोल टाक्या उभारून तिलापिया किंवा पंगस वाढवण्याचा विचार गावोगाव सुरू झाला. टाकी, ब्लोअर, बीज, खाद्य या सगळ्याची चौकशी होते. सोडलेल्या पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र शेजारी तक्रार करेपर्यंत सुचत नाही.

आधी हिशोब करू. माशांच्या खाद्यात साधारण ३० टक्के प्रथिनं असतात. म्हणजे किलोमागे ३०० ग्रॅम. प्रथिनाचा सोळा टक्के भाग नायट्रोजनचा, म्हणून एक किलो खाद्यातून ४८ ग्रॅम नायट्रोजन टाकीत पडतो. त्यातला साधारण तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो. उरलेला ३० ते ३२ ग्रॅम पाण्यात जातो. त्यातला बराच भाग माशाच्या कल्ल्यांवाटे अमोनिया होऊन बाहेर पडतो, थोडा विष्ठेतून. आणि खाद्यात सगळ्यात महाग काय असतं, तर हीच प्रथिनं.

हा नायट्रोजन परत पकडायचा एक जुना मार्ग म्हणजे सूक्ष्मशैवाल. नाव मोठं आहे, पण तळी राखणाऱ्या जुन्या माणसांना हे चांगलं ठाऊक होतं. बीज सोडायच्या आधी तळ्यात शेण टाकायचं आणि पाणी हिरवं धरेपर्यंत थांबायचं, ही रीत त्यातूनच आली. ते हिरवेपण म्हणजे डोळ्यांना सुटं न दिसणारं शेवाळ. ते ऊन, हवेतला कर्बवायू आणि पाण्यातला अमोनिया घेऊन वाढतं आणि त्याच्या कोरड्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिनं भरतात. कोलकात्याच्या पूर्वेला हजारो एकर पाणथळीत शहराचं सांडपाणी उन्हात मुरवून, हिरवं करून त्यावर रोहू-कटला वाढवतात. २००२ साली त्या पाणथळीला रामसर दर्जा मिळाला. आपल्याला करायचं आहे ते त्याच तत्त्वावर, फक्त अंगणाच्या मापात.

अंगणाचं माप म्हटलं, म्हणून दुसरा हिशोब. तो केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. शेवाळाला ऊन हवं, म्हणून टाकी उथळ हवी. पाणी वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर खोल. चार चौरस मीटरच्या अशा टाकीत हजार लिटर पाणी मावतं. नीट सांभाळली तर दर चौरस मीटरला दिवसाला दहा ग्रॅम कोरडं शेवाळ धरायला हरकत नाही. म्हणजे एका टाकीतून चाळीस ग्रॅम, आणि ते शेवाळ जेमतेम सव्वातीन ग्रॅम नायट्रोजन उचलतं. एक किलो खाद्याचा सगळा नायट्रोजन धरायचा तर अशा दहा टाक्या लागतील. चार मीटर व्यासाच्या एका मत्स्यटाकीत दोनशे किलो मासळी असेल आणि रोज पाच किलो खाद्य पडत असेल, तर दोनशे चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठे जागा नुसत्या शेवाळाला द्यावी लागेल.

विचुंब्यात दोन गुंठे शेवाळाला कोण देणार? विमानतळ आला, नव्या पनवेलची वस्ती नदी ओलांडून इकडे सरकली, जमिनीचा भाव आता फुटावर बोलला जातो. म्हणून कोणी तुम्हाला सांगत असेल की शेवाळाची पावडर करा आणि खाद्याची गोण बंद करा, तर त्याला आधी हा दोन गुंठ्यांचा हिशोब विचारा. तेवढी जागा देऊनही दिवसाला हाती येतं दोन किलो कोरडं शेवाळ.

मग करायचं कशाला? मी सांगेन, थोडं करा, पण ते जिथे सगळ्यात जास्त मोलाचं आहे तिथे वापरा. ती जागा म्हणजे मत्स्यजिरे आणि बोटुकली, माशांची लहान पिल्लं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाचं तोंड सुईच्या टोकाएवढं. पहिल्या दोन आठवड्यांत त्याला तोंडात मावेल असं, हलतं, जिवंत अन्न लागतं. कितीही बारीक दळलेलं खाद्य टाका, निम्मं तळाला जाऊन कुजतं. चार टाक्यांतून रोज मिळणारं १६० ग्रॅम शेवाळ मोठ्या माशांच्या पाच किलो खाद्यापुढे चिमूटभर आहे, पण जिऱ्यांच्या टाकीला ते पुरून उरतं. घरी शोभिवंत मासे, गप्पी, मोली यांची पैदास करणाऱ्यांना तर चार टाक्याही जास्त होतील, एक पुरते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू.

जागा जमिनीवरच बघा. गच्चीवर ऊन भरपूर असतं, म्हणून मोह होतो, पण २५ सेंटिमीटर पाण्याचा भार दर चौरस मीटरला २५० किलो होतो. राहत्या घराच्या गच्चीचा आराखडा साधारण दीडशे किलोच्या हिशोबाने केलेला असतो. गच्चीवर फार तर पाच-दहा बाटल्या ठेवा. विटांचा चौकोन, आत जाड ताडपत्री, सकाळी आठ ते दुपारी चार ऊन आणि वर झाड नको, एवढं जमिनीवर जमलं की पुरे.

मत्स्यटाकीचं पाणी थेट शेवाळाच्या टाकीत सोडायचं नाही. आधी ते एका पिंपात घ्या, तळ निमुळता असेल तर उत्तमच, आणि अर्धा-पाऊण तास हलवू नका. गाळ खाली बसतो. तो गाळ केळीला, अळूला, गांडूळखताला घाला. वरचं पाणी जुन्या सुती साडीच्या दुहेरी घडीतून गाळून घ्या. हे गाळणं कंटाळवाणं वाटतं, पण गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही आणि गाळाबरोबर शेवाळ खाणारे किडेही येतात. बायोफ्लॉकची टाकी असेल तर दुप्पट वेळ निवळू द्या. त्या पाण्यात गूळ किंवा मळी खाऊन वाढलेल्या जिवाणूंचे पुंजके असतात, ते आधी बसले पाहिजेत.

बीज दोन प्रकारे मिळतं. निवळलेलं पाणी पांढऱ्या बादलीत, उन्हात, अधूनमधून ढवळत ठेवलं तर साधारण आठवडाभरात आपोआप हिरवं धरतं. त्यात जे शेवाळ येईल ते इथल्या पाण्याला, इथल्या उन्हाला सरावलेलं असतं. दुसरा मार्ग शुद्ध बीजाचा, म्हणजे क्लोरेला किंवा सेनेडेस्मसचा. अशी बीजं मत्स्यशास्त्राच्या प्रयोगशाळांत राखलेली असतात. मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, रत्नागिरीत शिरगावला १९८१ पासूनचं मत्स्य महाविद्यालय आहे, आणि खुद्द पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे. प्रश्न लिहून न्या आणि पाण्याची बाटली बरोबर न्या. हातात नमुना असला की बोलणं मुद्द्यावर येतं.

स्पिरुलिनाबद्दल सगळेच विचारतात. त्याचं शेवाळ मळसूत्री आणि लांब, कापडात सहज अडकतं. ५५ ते ७० टक्के प्रथिनं. पण त्याला खारट-सोडायुक्त पाणी लागतं. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या कृतीत लिटरला १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा पडतो, म्हणजे हजार लिटरला जवळपास सतरा किलो. ते पाणी माशांच्या टाकीत परत घेता येत नाही. आपला हेतू सांडपाणी साफ करून फिरवण्याचा आहे, म्हणून सुरुवात स्पिरुलिनाने करू नका.

शेवाळाच्या टाकीत दहा भागांत दोन भाग हिरवं बीज आणि आठ भाग निवळलेलं पाणी घाला. एक साधा एअरपंप लावा किंवा दिवसातून पाच-सहा वेळा खराट्याने ढवळा. हलत्या पाण्यात डासही अंडी घालत नाहीत. तरी रात्री वर मच्छरदाणीचं कापड टाकाच. डेंग्यूच्या दिवसांत ग्रामपंचायतीचा माणूस साठलेलं पाणी बघायला आला तर त्याला आपल्या टाकीत अळी दिसता कामा नये.

आता रोज सकाळी एक छोटी गोष्ट करा. पांढऱ्या चहाच्या बशीला दोरी बांधा आणि दोरीवर सेंटिमीटरच्या गाठी मारा. बशी पाण्यात सोडत जा. पहिल्या दिवशी ती तळापर्यंत दिसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वीतभर खाली गेली की धूसर होते. ज्या दिवशी ती पाच-सहा सेंटिमीटरवरच नाहीशी होते, त्या दिवसापासून काढणी सुरू. रोज दहावा हिस्सा, म्हणजे हजार लिटरमधलं शंभर लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच निवळलेलं सांडपाणी भरायचं. बशी पुन्हा खोलवर दिसू लागली तर एक-दोन दिवस काढणी थांबवा. वासाकडेही लक्ष असू द्या. चांगल्या टाकीला पहिल्या पावसानंतरच्या गवतासारखा ओला, ताजा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला तर तळाला गाळ साचला आहे असं समजा.

काढलेल्या शंभर लिटरमधून शेवाळ वेगळं कसं करायचं, इथे बहुतेक जण अडतात. क्लोरेलाची पेशी काही मायक्रॉनची, कुठल्याही कापडातून निघून जाते. तुरटीने ती खाली बसते, पण तुरटीतला ॲल्युमिनियम खाद्यात उतरतो, म्हणून मी तुरटीच्या विरोधात आहे. शिवाय क्लोरेलाचं कवच कठीण असतं. अख्खी पेशी बऱ्याचदा माशाच्या पोटातून तशीच बाहेर पडते. या सगळ्या खटपटीवर एक जिवंत उपाय आहे, आणि तो म्हणजे मोयना. हा पाण्यातला मिलिमीटरभर लांबीचा पिसवासारखा जीव. तो दिवसभर पाणी गाळत राहतो, शेवाळ खातो, आणि परिस्थिती चांगली असेल तर नराशिवायही माद्या माद्यांना जन्म देत राहतात. दोनशे लिटरच्या पिंपात थोडे मोयना सोडा, रोज हिरवं पाणी इतपतच घाला की पिंपाचं पाणी फिकट पोपटी राहील. पाच-सात दिवसांत बॅटरीच्या उजेडाला गर्दी करून धावणारे ठिपके दिसू लागतात. मग रोज पाव हिस्सा मलमलच्या जाळीने काढा आणि थेट जिऱ्यांच्या टाकीत टाका. पिल्लं कशी तुटून पडतात ते एकदा बघा. शेवाळ वेगळं करायचं यंत्र, वाळवायची खोली, दळायची चक्की, या सगळ्याचं काम तो इवलासा जीव फुकट करतो.

मोठ्या माशांत चंदेरा आणि तिलापिया हिरवं पाणी थेट गाळून खातात. तिलापिया पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, ती आधी घ्या. जिताड्याला शेवाळ दाखवून उपयोग नाही, तो पक्का मांसाहारी. पण उरण-पेणच्या बाजूला तळ्यांत जिताडा वाढवणारे त्याला लहान मासळी चारतात. ती लहान मासळी हिरव्या पाण्यावर आणि मोयनावर वाढवता येते. खाडीच्या खाऱ्या पाण्यात कोळंबीच्या पिल्लांनाही पहिलं अन्न सूक्ष्मशैवालाचंच लागतं. जपानमध्ये फुजिनागा यांनी कोळंबीची पिल्लं स्केलेटोनेमा या शेवाळावर वाढवून दाखवली, ते काम १९४२ साली प्रसिद्ध झालं, आणि आजच्या कोळंबी हॅचरी त्याच वाटेने चालतात.

शेवाळ खाद्यात मिसळायचंच असेल तर वाळवण्याच्या भानगडीत पडू नका. पाणी एका पिंपात रात्रभर न हलवता ठेवा. सेनेडेस्मससारखं चार-चार पेशींचे गट करणारं शेवाळ बऱ्यापैकी खाली बसतं. वरचं पाणी काढा आणि तळचा हिरवा लगदा भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड यांच्यात मळून त्याच दिवशी घाला. रायगडात कोंडा गिरणीवर सहज मिळतो. कोरड्या वजनात शेवाळाचा हिस्सा शेकडा पाच ते दहा पुरे. सकाळचा लगदा संध्याकाळी आंबतो, तो दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.

आता धोक्याबद्दल बोलतो, कारण यात मासे मरू शकतात. मी स्वतः पहिल्या वर्षी दुपारी तीनच्या सुमाराला शेवाळाच्या टाकीतलं पाणी थेट मत्स्यटाकीत सोडलं. पाणी स्वच्छ होतं, प्राणवायूने भरलेलं होतं, मला वाटलं यासारखं चांगलं पाणी नाही. अर्ध्या तासात मासे वर येऊन तोंड वासू लागले आणि संध्याकाळपर्यंत बरेच गेले. कारण नंतर कळलं. दिवसभर शेवाळ कर्बवायू ओढून घेतं, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) नऊच्या वर जातो. सामू सात असताना अमोनियाचा शेकडा एक भागही विषारी रूपात नसतो. २८ अंश तापमानाला सामू नऊ झाला की चाळीस टक्के भाग विषारी होतो. माझ्या मत्स्यटाकीत अमोनिया आधीच होता, मी फक्त त्याला विष व्हायला मदत केली.

म्हणून पाणी परत घ्यायचं ते पहाटे. रात्रभर शेवाळ श्वास घेतं, कर्बवायू सोडतं, सामू खाली येतो. त्याच वेळी प्राणवायूही कमी झालेला असतो, म्हणून ते पाणी आधी तासभर ब्लोअरवर ठेवा, सामू साडेआठच्या खाली आहे ना ते पट्टीने बघा, आणि मग थोडं थोडं सोडा. सामू आणि अमोनियाच्या चाचणीचं किट घेतल्याशिवाय हा उद्योग सुरू करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा धोका पाणी कुठलं घेता याचा. शेवाळ अमोनिया ओढतं तसेच शिसं, कॅडमियम, पारा असे धातूही ओढून साठवतं. तळोज्याच्या कारखान्यांमुळे कासाडी नदी प्रदूषित झाली, ते प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. पनवेलकरांना ते वेगळं सांगायला नको. गाढीतही वस्त्यांचं सांडपाणी उतरतं. तेव्हा नदीचं, नाल्याचं, सोसायटीच्या गटाराचं पाणी फुकट आहे म्हणून घेऊ नका. फक्त आपल्याच मत्स्यटाकीचं, आपल्या माहितीतलं पाणी घ्या. आणि ज्या आठवड्यात टाकीत मोरचूद, फॉर्मॅलिन किंवा प्रतिजैविक घातलं असेल, त्या आठवड्याचं पाणीही नको.

तिसरा, विषारी नीलहरित शेवाळाचा. टाकीवर हिरव्या ऑइलपेंटसारखा साय-थर तरंगू लागला, बोटाला चिकटला आणि उग्र वास आला, तर ते मायक्रोसिस्टिस असण्याची शक्यता आहे. ते माशाला, मोयनाला कशालाच घालू नका. टाकी रिकामी करून चुना लावा. शंका असेल तर गावच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शीखाली चारशेपट मोठं करून बघा. क्लोरेला म्हणजे सुटे हिरवे मणी, सेनेडेस्मस म्हणजे ओळीत चिकटलेले चार, आणि मायक्रोसिस्टिसचे वेडेवाकडे ढग. त्याच सूक्ष्मदर्शीखाली फिरणारी चक्रं दिसली तर ते रोटिफर. ते दोन दिवसांत सगळी टाकी खाऊन पाणी तपकिरी करतात. अशा वेळी टाकी धुऊन नव्याने बीज घालणंच सोपं.

आपल्याकडे या कामाचा हंगाम दसऱ्यापासून मृगापर्यंत. एप्रिल-मेमध्ये पाणी ३८ अंशांच्या वर जाऊ लागलं की दुपारी हिरवी शेडनेट ओढा. पावसाळ्यात ऊन नसतं आणि पाऊस टाकी पातळ करतो, उघड्या टाकीत काही हाती लागत नाही. अडचण अशी की रोहू-कटल्याची जिरी नेमकी पावसातच येतात. त्यासाठी एका टाकीवर पारदर्शक पत्र्याचं छप्पर करा. उत्पादन अर्ध्यावर येईल, उघडीप मिळेल तसं वाढेल. सायप्रिनसची (कॉमन कार्पची) पैदास जानेवारी ते मार्चमध्येही होते, तेव्हा ऊन स्वच्छ असतं, म्हणून पहिला प्रयोग त्या पिल्लांवर करणं सगळ्यात सोयीचं.

आणि मृगाच्या आधी पाच-सहा काचेच्या बाटल्यांत बीज काढून ठेवा. बाटली अर्धीच भरा, तोंडाला कापूस लावा, उत्तरेच्या खिडकीत ठेवा, दिवसातून एकदा हलवा आणि दर पंधरा दिवसांनी निम्मं पाणी बदला. बाटलीवर तारीख चिकटवा. दसऱ्याला टाकी पुन्हा भराल तेव्हा त्यातली सगळ्यात गडद बाटली आधी वापरा.